छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं: ॲडमिट हातात आल्यावर काय तपासायचं

एप्रिलमध्ये ग्रिनेल, कार्लटन, मॅकॅलेस्टर अशा अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स (कला, विज्ञान, सामाजिक शास्त्रं असं व्यापक पदवी-शिक्षण देणाऱ्या) कॉलेजांची दोन-तीन ॲडमिट हातात असतात आणि बहुतेक अमेरिकी कॉलेजांना १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. हे दिवस रँकिंग चाळण्यात घालवू नका. पाच-सात क्रमांक इकडेतिकडे झाल्याने शिक्षणात काहीही फरक पडत नाही.

फरक पडतो रचनेने. कार्लटनला दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात. एका वेळी साधारण तीनच विषय, पण तापाने एक आठवडा आडवं केलं तर टर्मचा दहावा हिस्सा गेला. ग्रिनेलला सेमिस्टर पद्धत आहे. तिथे मेजर (पदवीचा मुख्य विषय) सोडल्यास सक्तीचा कोर्स एकच: पहिल्या सेमिस्टरचं ट्युटोरियल, म्हणजे लेखन-चर्चेचा छोटा वर्ग. बाकी तुम्ही आणि तुमचे सल्लागार ठरवणार. ऐकायला छान वाटतं, पण नावडता विषय टाळायची सवय असलेल्याला ही मोकळीक महागात पडते.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो टाइमटेबलला. कॅटलॉगमध्ये छापलेला प्रत्येक कोर्स दरवर्षी चालतोच असं नाही. विभागात प्राध्यापक मोजकेच. त्यामुळे वरच्या पातळीचे कोर्स बऱ्याचदा वर्षाआड येतात, आणि शिकवणारे सबॅटिकलवर (संशोधनासाठीच्या लांब रजेवर) गेले की आणखी लांबतात. तुमचं तिसरं वर्ष परदेशातल्या सेमिस्टरमध्ये गेलं आणि नेमका तेव्हाच गणितातला रिअल ॲनालिसिससारखा वरचा कोर्स होऊन गेला, तर पीएचडीच्या अर्जात भगदाड पडतं. म्हणून रजिस्ट्रारच्या (कोर्स-नोंदणी कार्यालयाच्या) वेबपानावरून मागच्या दोन वर्षांची टाइमटेबलं काढा. मेजरचे वरचे कोर्स वहीत उतरवा, प्रत्येकापुढे तो कितीदा चालला आणि कोणी शिकवला ते लिहा. डबल मेजर करायचं असेल तर दोन्हीकडचे सक्तीचे तास एकाच वेळी येतात का, तेही बघा.

अर्थशास्त्र घेणाऱ्यांनी मेजरचा सीआयपी कोड (अमेरिकेतला अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) विचारावा. ४५.०६०३ असेल तर ते स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित गटात) मोडतं आणि १२ महिन्यांच्या ओपीटीनंतर (पदवीशी संबंधित काम करायची परवानगी) २४ महिने वाढवून मागता येतात. ४५.०६०१ असेल तर नाही.

आता पैसा. फी, राहणं-जेवण, विमा, पुस्तकं, विमानभाडं यांची बेरीज करा आणि त्यातून फक्त ग्रँट (परत न करायची आर्थिक मदत) वजा करा. कॅम्पसवरच्या कामाचे पैसे वजा करू नका. काम मिळेपर्यंत ते नसतातच, शिवाय एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. दरवर्षी फी वाढते. ग्रँटही वाढणार का, हे ईमेलवर लेखी घ्या. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर परदेशी विद्यार्थ्यांना ती नंतर मागता येत नाही असा अनेक कॉलेजांचा नियम आहे.

एक गोष्ट हमखास सुटते. राहण्या-जेवणासाठीच्या स्कॉलरशिपवर कर लागतो आणि तो साधारणपणे १४ टक्क्यांनी आधीच कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं.

हिवाळ्याच्या सुट्टीत हॉस्टेल उघडं असतं का, आणि जेवण मिळतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. जागा पक्की करायचं डिपॉझिट मात्र एकाच कॉलेजात भरा. दोन्हीकडे भरल्याचं उघड झालं तर दोन्ही जागा जाऊ शकतात.