न्यूयॉर्कमध्ये लेकीसाठी हायस्कूल शोधताना

मार्चमध्ये लेकीच्या हायस्कूल प्रवेशाचा निकाल लागला त्या रात्री पुण्याहून आत्यांचा फोन आला. पहिला प्रश्न, "एक नंबरच्या शाळेत मिळालं ना?" मी म्हटलं, "नाही, तिने ती पहिल्या पसंतीला टाकलीच नव्हती." पलीकडे शांतता. मग हळूच, "अगं, पण का?"

त्या 'का'चं उत्तर फोनवर देता आलं नाही. ते इथे सविस्तर लिहितेय, कारण दर शरद ऋतूत क्वीन्स या न्यूयॉर्कच्या भागातले दोन-चार नवे मराठी पालक मला हेच विचारतात.

आधी व्यवस्था समजून घ्या. न्यूयॉर्क शहरात हायस्कूल नववी ते बारावी. त्यांत आठ सरकारी, बिनफीच्या 'स्पेशलाइज्ड' शाळा अशा आहेत की प्रवेश फक्त एका परीक्षेवर, एसएचएसएटीवर. (नववी स्पेशलाइज्ड शाळा लाग्वार्डिया, कलेची, तिथे ऑडिशन असते.) शाळेतले मार्क, शिफारशी, मुलाखत यातलं काही बघत नाहीत. स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या तिघींसाठी तर हे 1971 च्या राज्य कायद्यातच लिहिलेलं आहे, त्यामुळे महापौर बदलला तरी नियम सहजासहजी बदलत नाही. दरवर्षी पंचवीस हजारांच्या आसपास मुलं बसतात, जागा सुमारे चार हजार. परीक्षा आठवीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. लेक बसली तेव्हा पेपर कागदावर होता, तीन तासांत 114 प्रश्न, निम्मे इंग्रजी, निम्मे गणित. 2025 पासून तो संगणकावर गेला. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि न्यू जर्सीतल्या एडिसनवाल्यांनो, तुमच्यासाठी यातलं काही नाही. मूल न्यूयॉर्क शहरात राहणारं हवं.

आता कट-ऑफ. आपली सगळी पिढी अकरावीच्या कट-ऑफ यादीवर पोसलेली. ज्या कॉलेजची यादी वर थांबली ते चांगलं, खाली घसरली ते त्याहून कमी, हे डोक्यात घट्ट बसलेलं. स्टायव्हसंटचा कट-ऑफ 550 च्या वर, टेकचा 500 च्या आसपास, हे आकडे बघून मीही मनात एक शिडी तयार केली होती. मग प्रवेश कसे देतात ते नीट वाचलं. सर्वाधिक गुणांच्या मुलापासून सुरुवात होते, त्याने लावलेल्या क्रमात जिथे जागा शिल्लक असेल ती पहिली शाळा त्याला मिळते, मग दुसऱ्या मुलाचा नंबर. ज्या मुलावर जागा संपल्या त्याचे गुण म्हणजे कट-ऑफ. म्हणजे तो मागणी आणि जागांचा हिशोब आहे. टेकमध्ये जवळजवळ सहा हजार मुलं, स्टायव्हसंटमध्ये तेहेतीसशेच्या आसपास. टेक दरवर्षी स्टायव्हसंटच्या दुपटीच्या घरात मुलं घेते, मग आकडा खाली येणारच. शिकवणं कसं आहे याबद्दल त्यातून अक्षरही कळत नाही.

याच पद्धतीमुळे पसंतीक्रम लावताना डावपेच चालत नाहीत. "वरची टाकली आणि नाही लागली तर खालचीही जाईल" ही भीती निराधार आहे. मनापासून जी हवी ती पहिली.

आम्ही त्या ऑक्टोबरमध्ये ओपन हाउसना, म्हणजे पालकांना शाळा दाखवतात त्या कार्यक्रमांना, गेलो. गर्दी म्हणजे गणपतीतला लक्ष्मी रोड, फक्त ढोल नाहीत. ऑडिटोरियममध्ये बसलात की मुख्याध्यापक नोबेलवाले माजी विद्यार्थी मोजून दाखवतात. ब्रॉन्क्स सायन्सचे नऊ आहेत, आणि ते खरंच थक्क करणारं आहे. पण त्यांतल्या बहुतेकांनी ती शाळा साठ किंवा त्याहून जास्त वर्षांपूर्वी सोडली, आणि माझ्या मुलीला शिकवणारी माणसं आजची. तो भाग मी कौतुकाने ऐकला आणि सोडून दिला.

खरी माहिती भाषण संपल्यावर मिळते. शाळा दाखवायला वरच्या वर्गातली मुलं असतात. एका शाळेत आमच्या गटाबरोबर अकरावीतली एक मुलगी होती, चुणचुणीत. प्रयोगशाळा, रोबोटिक्सची खोली, पोहण्याचा तलाव, सगळं दाखवलं. मग मुलांना विषय निवडण्यापासून अडचणींपर्यंत मदत करणाऱ्या काउन्सेलरबद्दल मी विचारलं, "तुझ्या काउन्सेलरचं नाव काय?" ती थांबली. "गेल्या वर्षी वेगळ्या होत्या... आत्ता... आडनाव एमपासून आहे." हसली बिचारी, मीही हसले. दुसऱ्या एका शाळेत हाच प्रश्न विचारला तर मुलाने नाव तर सांगितलंच, वर म्हणाला, "त्यांना माझ्या आजीची तब्येत पण माहीत आहे." दोन्ही शाळा मोठ्या, दोन्हींचा दबदबा सारखा. घरी येताना लेकीने वहीत त्या दुसऱ्या शाळेपुढे एक चांदणी काढली. मी काही बोलले नाही.

कारण एवढ्या मोठ्या शाळेत एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. धीट मूल दारावर टकटक करून आपलं काम करून घेतं. आमचं मूल वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्यांतलं. तुमचं मूल कुठल्या जातकुळीचं आहे हे तुम्हालाच माहीत, आणि शाळा निवडताना माझ्या मते पहिला विचार याचाच हवा.

एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट), म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या वर्गांबद्दल मात्र नेटाने विचारा. माहितीपुस्तिकेत वीस-तीस एपी विषयांची यादी झळकते, पण त्यांना बसायला आधीच्या वर्षीची ठरावीक सरासरी लागते, आणि तेवढ्या जागाही असाव्या लागतात. "मागच्या वर्षी किती मुलांनी मागितला आणि किती जणांना मिळाला?" या प्रश्नावर एका ठिकाणी पेरेंट कोऑर्डिनेटरने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. वर्गातल्या मुलांचा आकडाही विचारा. शिक्षक संघटनेच्या करारानुसार हायस्कूलच्या वर्गात 34 पर्यंत मुलं असू शकतात. 2022 च्या राज्य कायद्याने ती संख्या टप्प्याटप्प्याने 25 वर आणायची आहे. आधीच खच्चून भरलेल्या शाळा खोल्या कुठून आणणार, की प्रवेशच कमी करणार, हे त्यांनाच सांगू द्या.

टेकबद्दल एक वेगळी गोष्ट. तिथे अकरावीपासून मुलं 'मेजर' घेतात, इंजिनिअरिंगच्या शाखांपासून कायदा आणि समाजशास्त्रापर्यंत. काहींना हे फार लवकर वाटतं. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स-कॉमर्स ठरवलेल्या आईबापांना त्यात काही नवल वाटू नये, पण मुलाला त्यातलं काय आवडतंय हे बघूनच क्रम लावा.

प्रवासाची रंगीत तालीम करा, आणि ती रविवारी नको. आम्ही राहतो क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सला. सोमवारी पावणेसातला आर ट्रेन पकडून टेकजवळच्या डीकॅल्ब अव्हेन्यू स्टेशनपर्यंत गेलो. गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबत थांबत, तासाभराने पोचलो. लेक अर्ध्या रस्त्यात माझ्या खांद्यावर झोपली. ब्रॉन्क्स सायन्सला क्वीन्सहून जायचं तर बरेच पालक पैसे भरून खासगी बस लावतात. तो खर्च आधीच हिशोबात धरा. शहराकडून मुलांना फुकट ओम्नी कार्ड मिळतं, ते बस-सबवेपुरतं.

क्लासेसबद्दल थोडक्यात. फ्लशिंगमध्ये गल्लोगल्ली आहेत, फी हजारो डॉलर. आम्ही एक उन्हाळा लावला. पण शिक्षण विभाग सरावाचे पूर्ण पेपर फुकट देतो, आणि लेकीला खरा फायदा तेच घड्याळ लावून सोडवण्याचा झाला. उत्पन्न कमी असलेल्या घरातली मुलं कट-ऑफच्या जरा खाली राहिली तर डिस्कव्हरी नावाचा उन्हाळी कार्यक्रम आहे. तुमच्या शाळेच्या काउन्सेलरला त्याबद्दल आठवीच्या सुरुवातीलाच विचारा.

एक अवघड विषय आहे, तो टाळत नाही. 2025 मध्ये स्टायव्हसंटने 781 मुलांना जागा दिल्या, त्यांत कृष्णवर्णीय मुलं 8. आपल्या घरांत हे बोलणं "परीक्षा सर्वांना सारखी" इथेच संपतं. लेकीची मिडल स्कूलमधली जिवलग मैत्रीण कृष्णवर्णीय आहे. तिने परीक्षा दिली, क्लास लावला नव्हता, जागा मिळाली नाही. त्या आठवड्यात लेक घरी फार बोलली नाही. आमच्याकडे क्लासचे पैसे होते आणि शनिवारी नेऊन सोडायला बाबा मोकळा होता, हे मला त्याआधी कधी मोजावंसं वाटलं नव्हतं.

या आठांच्या बाहेरही उत्तम शाळा आहेत. फ्लशिंगच्या टाउनसेंड हॅरिसला ही परीक्षा लागत नाही, आणि तिथे मुलं बरीच कमी. परीक्षेच्या नादात बाकीचा अर्ज वाऱ्यावर सोडलेले पालक मी पाहिले आहेत. डिसेंबरची मुदत एकदाच येते.

लेक आता यातल्याच एका मोठ्या शाळेत आहे. कुठल्या ते लिहीत नाही, कारण पुढचं रडगाणं तिथलं आहे. पहिल्या आठवड्यात तिच्या प्रोग्रामवर (इथे टाइमटेबलला प्रोग्राम म्हणतात) एकाच तासाला जीवशास्त्र आणि स्पॅनिश दोन्ही. ऑनलाइन अर्ज केला, उत्तर नाही. मी ईमेल लिहिणार होते, नवऱ्याने अडवलं. नवव्या दिवशी ती स्वतःच काउन्सेलरच्या ऑफिसबाहेरच्या रांगेत उभी राहिली, मधली सुट्टी त्यात गेली. सुट्टी तरी कसली, तिचा लंच पिरियड सकाळी 10:25 ला. संध्याकाळी घरी आली, डब्यातला थालीपिठाचा तुकडा तोंडात, आणि म्हणाली, "झालं. स्पॅनिश सातव्या तासाला. आणि आई, त्यांचं नाव मिसेस एम-काहीतरी नाहीये, मी नीट पाठ केलंय."