राणी दिसली की बेफिकीर होऊ नका: सिव्हिलायझेशन ६ खेळताना या चुका टाळा

सुट्टी लागली की शाहूपुरीतल्या आमच्या घरी भाचे जमतात, लॅपटॉप उघडतो, सिव्हिलायझेशन ६ हा राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम सुरू होतो आणि दुसऱ्याच दिवशी तीच तक्रार कानावर येते: "आत्या, हा राजा उगाच चिडलाय!" उगाच कोणी चिडत नाही. कॉम्प्युटरचा नेता कशाने खूश होतो आणि कशावरून डूख धरतो, हे खेळात लिहिलेलं असतं. ते वाचायचा कंटाळा केला की अंदाज बांधणं सुरू होतं, आणि सगळ्यात जास्त अंदाज बांधले जातात ते समोरचा राजा आहे की राणी यावरून.

आधी नियम समजून घ्या. प्रत्येक नेत्याचे दोन अजेंडे, म्हणजे आवडीनिवडी, असतात. पहिला त्याच्या इतिहासावर बेतलेला, कायमचा आणि सगळ्यांना दिसणारा. दुसरा लपलेला, दर नव्या डावात चिठ्ठी काढल्यासारखा मिळणारा. या लपलेल्यांपैकी एकाचं नाव 'फ्लर्टेशियस'. तो ज्याला मिळतो त्याला विरुद्ध लिंगाचे नेते आवडतात आणि स्वतःच्याच लिंगाचे खुपतात. स्त्री-पुरुष हा मामला एवढाच. त्या डावात ती चिठ्ठी कोणालाच मिळाली नसेल, तर तुम्ही राजा आहात की राणी याने कोणालाही काही फरक पडत नाही.

आता मला सगळ्यात जास्त छळणारी चूक. नेता नाराज दिसला की डाव मोडायचा आणि दुसरा चेहरा घेऊन नव्याने बसायचं. माझा मोठा भाचा ग्रीस घेऊन खेळत होता. ग्रीसला दोन नेते आहेत, पेरिक्लीस आणि गोर्गो, एक पुरुष, एक स्त्री. त्याने पेरिक्लीस घेतला होता. शेजारी नॉर्वेचा हाराल्ड, आणि तो सारखा तोंड वाकडं करायचा. पोराने कुठेतरी फ्लर्टेशियसबद्दल ऐकलं होतं. नव्वद टर्न (खेळायच्या पाळ्या) झालेला, पाच शहरांचा चांगला डाव त्याने बंद केला आणि गोर्गो घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रात्रीचे साडेअकरा वाजले तरी गडी उठेना, आणि नव्या डावातही हाराल्ड तसाच फुरंगटलेला.

मी शेजारी बसले आणि हाराल्डच्या चेहऱ्यावर क्लिक करून त्याच्या नाराजीची यादी उघडायला लावली. तिथे एकेका कारणापुढे अधिक-उणे आकडे असतात. सगळ्यात मोठा उणे आकडा आरमाराचा होता. हाराल्डचा कायमचा अजेंडाच तो: ज्याचं आरमार मोठं त्याला मान, ज्याचं नाही तो त्याला आवडत नाही. पोराची चार शहरं समुद्रकाठी आणि पाण्यात एक गलबत नाही! गोर्गो आणा नाहीतर आणखी कोणाला आणा, ते कारण जागचं हलणार नव्हतं. आणि समजा पहिल्या डावात हाराल्ड खरोखरच फ्लर्टेशियस होता, तरी नव्या डावात ती चिठ्ठी पुन्हा निघते. ज्या रोगावर औषध शोधलं, तो रोगच पुढच्या डावात नसतो. नव्वद टर्न फुकट गेले. यादी वाचायला एक मिनिट लागलं असतं.

म्हणून माझी सवय सांगते. शेजारी वही ठेवते. दर दहा टर्नला प्रत्येक नेत्याची यादी उघडते आणि सगळ्यात मोठा उणे आकडा लिहून घेते. सेव्ह करून पुन्हा लोड करत उत्तर बदलतंय का बघणारे खूप पाहिलेत. त्यांना डाव कधीच समजत नाही.

दुसरी चूक उलट्या बाजूची: राणी आहे म्हणजे शांत असेल. आमच्या गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं, हे इथली पोरं शाळेत शिकतात. त्याच पोरांनी पडद्यावरची राणी बघून वेस उघडी टाकावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धाकटा रोम घेऊन बसला होता. शेजारी सिथियाची टोमिरिस. "बाईच आहे, काही करणार नाही," म्हणाला आणि एका वॉरियरवर, म्हणजे साध्या पायदळाच्या एका तुकडीवर, दोन शहरं सोडून हँगिंग गार्डन्स हे जगातलं आश्चर्य बांधायला घेतलं. तटबंदी नाही. ही तीच टोमिरिस, जिच्या सैन्याने पर्शियाच्या सायरसला मारलं असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. खेळातही तिचा एक घोडेस्वार तिरंदाज तयार झाला की जोडीला दुसरा फुकट मिळतो, आणि शत्रूची तुकडी मारली की तिच्या तुकडीच्या जखमा भरून येतात. सीमेवर घोडे दिसू लागले तेव्हाही पोरगं विटा रचण्यातच दंग. सहा टर्नमध्ये दुसरं शहर गेलं.

वाईट याचं वाटतं की टोमिरिसला राजी ठेवणं सोपं आहे. तिला जाहीर मैत्री करणारे आवडतात आणि दगा देणारे अजिबात चालत नाहीत. भेट झाली त्याच टर्नला पंचवीस सोन्याचं शिष्टमंडळ पाठवायचं, मग मैत्री मागायची. साधारण वेगाच्या डावात मैत्री तीस टर्न टिकते आणि तेवढा काळ युद्ध पुकारता येत नाही. तेवढ्यात मेसनरी (दगडी बांधकामाची विद्या) शिकून तट उभे राहतात.

शिष्टमंडळ "नंतर पाठवू" म्हणू नका. मन कलुषित झालं की ते परत येतं.

लपलेला अजेंडा आपोआप उघडत नाही. तो कळावा म्हणून रायटिंग (लेखनाची विद्या) आल्यावर पन्नास सोन्यात वकिलात उघडा, व्यापारी मार्ग जोडा, पुढे हेर ठेवा.

फ्लर्टेशियस नेता खरोखर निघालाच आणि तुम्ही त्याच्याच लिंगाचे असाल, तर ते उणे बदलणार नाही. त्यावर डोकं फोडू नका, त्याच्या कायमच्या अजेंड्यातून अधिक मिळवा. हाराल्डसाठी चार गलबतं बांधा.

क्रुसेडर किंग्ज ३ हा राजघराणी चालवायचा दुसरा गेम खेळणाऱ्यांनी हे नियम तिकडे लावू नयेत. तिथे सत्तेत पुरुष वरचढ, स्त्रिया वरचढ की दोघे समान, हे धर्माच्या तत्त्वांवर ठरतं. राज्य मुलीकडे जाणार असेल तर धर्माचं पान आधी उघडा, लग्नं नंतर ठरवा.

धाकट्याने गेलेलं शहर अजून परत घेतलेलं नाही. काल मात्र त्याने आधी तट बांधले आणि मग मला हाक मारली.