सारख्या उच्चाराचे जपानी शब्द ‘गा’ लावून पाठ करा

जपानीत ‘हाशी’ म्हणजे पूल, जेवायच्या काड्या आणि टोक किंवा कडसुद्धा. वहीत नुसतं ‘हाशी’ लिहून पुढे तिन्ही अर्थ मांडले, की ऐकताना गोंधळ ठरलेलाच. त्यापेक्षा प्रत्येक शब्दाला ‘गा’ हा कर्ता दाखवणारा प्रत्यय लावा आणि मोठ्यानं म्हणा. टोकियोकडच्या प्रमाण बोलीत काड्यांच्या ‘हाशी-गा’मध्ये ‘हा’चा सूर चढा, पुढचं सगळं खाली. पुलाच्या शब्दात ‘शी’ चढते आणि ‘गा’ पडतो. टोकाच्या शब्दातही ‘शी’ चढते, पण ‘गा’ वरच राहतो. म्हणजे पूल आणि टोक यांतला फरक ‘गा’ आल्यावरच कळतो, तेव्हा तो गाळू नका. चढ्या अक्षरावर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. (ओसाकाकडे काड्या आणि पूल यांचा चढउतार साधारण उलटा! सुरुवातीला एकाच बोलीला धरून राहिलेलं बरं.)

सूरही सारखाच असेल तिथे खुद्द जपानी लोक युक्ती काढतात. ‘कागाकु’ म्हणजे विज्ञान आणि रसायनशास्त्रही. नेमकं रसायनशास्त्र सांगायचं तर ते ‘बाकेगाकु’ म्हणतात. ‘शिरित्सु’ शाळा खासगीही असते आणि नगरपालिकेचीही. मग खासगीला ‘वाताकुशिरित्सु’, नगरपालिकेच्या शाळेला ‘इचिरित्सु’. असे पर्याय मूळ शब्दाशेजारीच लिहा.