वेष्टन-कचऱ्याचे विवरणपत्र: उद्योगांनी नोंदी कशा ठेवाव्यात आणि हिशेब कसा द्यावा

वेष्टन-कचऱ्याच्या विवरणपत्रातील, म्हणजे उद्योगाने बाजारात आणलेल्या वेष्टनाचा नियामकाला द्यायच्या हिशेबातील, चुका बहुतेक वेळा अर्ज भरताना होत नाहीत. त्या वर्षभर कोणी वजनकाट्याकडे फिरकलेच नाही म्हणून होतात. मुदत जवळ आली की हिशेबनीस खरेदीची बिले घेऊन बसतो. त्यांत खोके नगांमध्ये, फिल्म किलोमध्ये आणि लेबले रोलमध्ये नोंदलेली असतात, तर नियामकाला मात्र प्रत्येक सामग्रीचे वजन टनांमध्ये हवे असते. मग अंदाजाने आकडे भरले जातात, आणि तपासणीत त्यांचा आधार विचारला की दाखवायला कागद नसतो. हे टाळायचे असेल, तर कामाची सुरुवात वर्षाच्या पहिल्याच महिन्यात करावी.

बाजारात वेष्टन आणणाऱ्यानेच त्याच्या कचऱ्याचा भार उचलावा, हे तत्त्व जर्मनीने १९९१ मध्ये आपल्या वेष्टन अध्यादेशात आणले. आज ते विस्तारित उत्पादक जबाबदारी किंवा ईपीआर या नावाने ओळखले जाते. भारतात प्लास्टिक वेष्टनासाठी याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झाली. देशोदेशी मुदती, वर्गवारी आणि शुल्क वेगळे असले, तरी खालची पद्धत सगळीकडे उपयोगी पडते.

पहिली पायरी: जबाबदारी कोणाची, हे ठरवा

वेष्टन तयार करणारा, त्यात माल भरणारा, ज्याच्या नावाने माल विकला जातो तो आणि परदेशातून माल आणणारा, यांपैकी कायद्याने कोणाला उत्तरदायी धरले आहे, हे आधी लेखी स्वरूपात नक्की करावे. एकच उद्योग काही मालासाठी नाममुद्रेचा धनी आणि काही मालासाठी आयातदार असू शकतो, त्यामुळे या दोन भूमिकांचे हिशेब वेगळे ठेवावेत. आयात मालाचे वेष्टन तर हमखास विसरले जाते, कारण ते आपण विकत घेतलेले नसते आणि त्याचे बिलही आपल्याकडे नसते.

लहान उद्योगाने सवलत गृहीत धरू नये. ब्रिटनमध्ये दहा लाख पौंडांची वार्षिक उलाढाल आणि २५ टन वेष्टन या दोन्ही मर्यादा ओलांडल्यावर नोंदीचे बंधन सुरू होते. जर्मनीत मात्र नोंदणीसाठी अशी किमान मर्यादाच नाही. माल जिथे विकला जातो, तिथला नियम पाहावा.

दुसरी पायरी: सुटे भाग मोजा आणि तोला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. प्रत्येक उत्पादनासाठी वेष्टनाच्या सुट्या भागांची यादी करावी: बाटली, झाकण, सील, लेबल, त्यावरचे छापील खोके, बारा नगांचा पुठ्ठ्याचा खोका, चिकटपट्टी, पॅलेटवर गुंडाळलेली फिल्म आणि स्वतः पॅलेट. मग प्रत्येक भाग रिकामा तोलावा. एकच लेबल तोलून अचूक वजन मिळत नाही, म्हणून शंभर लेबले एकत्र तोलून भागाकार करावा. चिकटपट्टीसाठी रोलचे आधीचे आणि नंतरचे वजन घेऊन त्यातला फरक तितक्या वेळात बंद केलेल्या खोक्यांच्या संख्येने भागावा. पुठ्ठा हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे निरनिराळ्या वेळी आलेल्या मालातील नमुने तोलून सरासरी काढणे चांगले.

ही काटेकोरपणाची हौस वाटत असेल, तर एक हिशेब करून पाहावा. समजा बाटली २४ ग्रॅम, झाकण २.६ ग्रॅम आणि लेबल ०.८ ग्रॅम आहे, आणि वर्षाला ४ लाख नग विकले जातात. बाटल्यांचे ९.६ टन, झाकणांचे १.०४ टन आणि लेबलांचे ०.३२ टन, असे एकूण १०.९६ टन होतात. बाटलीच्या वजनात एका ग्रॅमची चूक झाली, तरी वर्षाच्या आकड्यात ०.४ टनाचा फरक पडतो, आणि शुल्क किंवा पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट याच आकड्यावरून ठरते.

तिसरी पायरी: सामग्रीनुसार वर्ग लावा

कागद, काच, धातू, लाकूड आणि प्लास्टिक हे वर्ग सोपे आहेत. अडचण येते ती अनेक थर एकमेकांना चिकटवलेल्या वेष्टनात. दिसायला कागदी असलेली पिशवी आतून प्लास्टिकची असू शकते. भारतीय नियमांत प्लास्टिक आणि बिगर-प्लास्टिक असे थर एकत्र असलेल्या वेष्टनाला स्वतंत्र वर्ग आहे. थरांची माहिती डोळ्यांनी ठरवू नये. पुरवठादाराकडून सही-शिक्क्यानिशी घोषणापत्र घ्यावे. पुनर्चक्रित अंशाचा दावाही याच पत्रात असावा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२ पासून ३० टक्क्यांपेक्षा कमी पुनर्चक्रित अंश असलेल्या प्लास्टिक वेष्टनावर कर आहे, म्हणजे पुराव्याविना केलेला दावा थेट खिशाला भिडू शकतो.

चौथी पायरी: नगांची संख्या योग्य ठिकाणाहून घ्या

कायदा साधारणपणे बाजारात आणलेले वेष्टन विचारतो, गोदामात आलेले नव्हे. म्हणून एकक वजनाला खरेदीच्या नव्हे, तर विक्रीच्या नगांनी गुणावे. निर्यात झालेला माल वेगळा दाखवावा आणि वजावटीची मुभा असल्यास त्याची कागदपत्रे जोडून ठेवावीत. पुन्हापुन्हा वापरात येणारे क्रेट किंवा पॅलेट प्रत्येक फेरीला मोजायचे की पहिल्यांदाच, हे त्या त्या नियमात पाहावे.

आकडा तयार झाला की उलटी तपासणी करावी. वर्षारंभीचा साठा अधिक खरेदी, वजा वर्षअखेरचा साठा आणि वजा वाया गेलेला माल, ही बेरीज-वजाबाकी विक्रीवरून काढलेल्या वजनाच्या जवळ यायला हवी. मोठी तफावत दिसली, तर एखादा भाग यादीतून सुटला आहे किंवा वर्षाच्या मध्यात बाटलीचे वजन बदलले आहे, असे बहुधा निघते. खरेदी विभागाने असा प्रत्येक बदल तारखेसह नोंदवला, तर ही शोधाशोध वाचते.

पाचवी पायरी: दाखल करा आणि पुरावे जपा

नियामकाच्या पोर्टलवरची नोंदणी आधीच करून ठेवावी. शेवटच्या आठवड्यात कागदपत्रांची त्रुटी निघाली, तर मुदत हातची जाते. उद्दिष्ट पूर्ण केल्याचा पुरावा म्हणून पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे विकत घ्यायची असतील, तर ती देणारा नोंदणीकृत आहे का आणि प्रमाणपत्रावरचा वर्ग आपल्या वर्गाशी जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी पडताळावे. वजनाच्या नोंदी, घोषणापत्रे, विक्रीचे तक्ते आणि दाखल केलेल्या विवरणपत्राची प्रत एकाच ठिकाणी, वर्षवार ठेवावी. दाखल केल्यानंतर चूक लक्षात आली, तर ती स्वतःहून कळवून सुधारित विवरणपत्र द्यावे आणि जुना आकडा कशामुळे चुकला, याची टिपणी त्याच फाइलमध्ये लावावी.