पेटीवरून ॲकॉर्डियनकडे: जुनं वाद्य घेणाऱ्यांसाठी

पंधरा वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली होती, त्यामुळे ॲकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवलेली पेटीच, अशा समजुतीत मी ते विकत घेतलं. पट्ट्या त्याच, हवेने रीड (धातूची पातळ जीभ) थरथरून सूर निघतो तेही तेच. मग अवघड काय असणार? पहिले चार महिने माझा सूर तुटत होता, डावा खांदा ठणकत होता आणि मी स्वतःच्या हाताला शिव्या देत होतो. हात नवशिका होताच, पण भाताही गळत होता. हे आधी कळलं असतं तर चार महिन्यांत लागलेल्या सवयी मोडायला पुढचे सहा महिने गेले नसते.

जुनी ॲकॉर्डियन आपल्याकडे बरीच आहेत. गुडी सीरवाई, केर्सी लॉर्ड, पुण्याचे इनॉक डॅनियल्स अशा वादकांनी हिंदी चित्रपटसंगीतातून हे वाद्य घराघरांत ऐकवलं. ऑर्केस्ट्रांमुळे ते गावोगावच्या स्टेजवर गेलं. मग सिंथेसायझर आला आणि ही वाद्यं माळ्यावर गेली. माझंही तिथूनच उतरलं. जर्मन बनावटीचं, ३७ पट्ट्यांचं आणि डाव्या हाताला ८० बटणांचं. पूर्ण आकाराच्या वाद्यात ४१ पट्ट्या आणि १२० बटणं असतात आणि त्याचं वजन १० ते १२ किलो भरतं. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. ४८ किंवा ८० बटणांचं वाद्य पुष्कळ झालं.

घेताना मी काय चूक केली ते सांगतो. विकणारे गृहस्थ जुने ऑर्केस्ट्रावाले. त्यांनी दोन गाणी अशी काही वाजवली की मी तिथेच पैसे मोजले. कसलेला वादक गळक्या वाद्यातूनही गाणं काढतो. भाता कुठे ओढायचा, कुठला सूर टाळायचा, हे त्याच्या हाताला पाठ असतं. त्यामुळे त्याचं वाजवणं मनसोक्त ऐका, दाद द्या आणि मग वाद्य स्वतःच्या हातात घ्या.

पहिली तपासणी भात्याची. भात्याचे पट्टे सोडायचे, सुरांच्या पट्ट्यांची बाजू वर धरायची आणि एकही पट्टी किंवा बटण न दाबता बटणांची बाजू खाली लोंबकळू द्यायची. (खाली गादी असू द्या.) चांगला भाता अगदी सावकाश उघडतो. माझा धाडकन खाली आला, पण हे मी केलं ते चार महिन्यांनी. दुसरी तपासणी सुरांची, आणि पेटीवाले इथेच फसतात. पेटीत हवा एकाच दिशेने जाते. ॲकॉर्डियनच्या प्रत्येक रीडप्लेटवर मात्र दोन जिभा असतात, एक भाता उघडताना बोलते आणि दुसरी मिटताना. एकच पट्टी उघडताना सुरेल आणि मिटताना बेसूर किंवा मुकी असू शकते. म्हणून ३७ पट्ट्या म्हणजे ७४ तपासण्या. वहीत दोन रकाने करा, ‘उघडताना’ आणि ‘मिटताना’, आणि प्रत्येक सुरापुढे खूण करा. विकणारा वैतागेल, वैतागू दे.

बटणांच्या संख्येला घाबरू नका. १२० बटणं म्हणजे १२० वेगळे सूर नव्हेत. आत बाराच सुरांची यंत्रणा असते आणि बरीचशी बटणं त्यांतलेच तीन-तीन सूर एकदम उघडतात.

गळती शोधायला मी उदबत्ती वापरली. बायकोला भाता हळूहळू मिटायला सांगितलं आणि उदबत्तीचा धूर घड्यांच्या कोपऱ्यांपासून वीतभर अंतरावरून फिरवला. (निखारा जवळ नेऊ नका, भाता पुठ्ठ्याचा आणि कापडाचा असतो.) दोन कोपऱ्यांवर धूर उडाला. शिवाय भाता आणि चौकट यांच्यामधली हवा अडवणारी पट्टी वाळून कडक झाली होती. हे दोन्ही काम पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराने नीट केलं, कोपऱ्यांवर पातळ चामडं लावलं आणि पट्टी बदलली. मात्र रीड बघून त्यांनी हात जोडले. “साहेब, पेटीत सूर, म्हणजे रीड, स्क्रूने बसतो. हे मेणाचं काम आहे, आपल्या हाताला नाही.” असा कारागीर भेटला तर त्याला जपा. ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याची मात्र मला भीती वाटते.

ॲकॉर्डियनमध्ये रीडप्लेटा लाकडी ठोकळ्यांवर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने चिकटवलेल्या असतात. जुनं मेण ठिसूळ होतं आणि उन्हात मऊ पडतं. एका मे महिन्यात मी वाद्य गाडीच्या डिकीत ठेवून लग्नाच्या जेवणाला बसलो. परत आलो तर एक प्लेट सरकली होती आणि दोन सूर घरघरत होते. चूक सर्वस्वी माझी. डिकीत आइस्क्रीम ठेवलं नसतं, पण ॲकॉर्डियन ठेवलं.

आत डोकावायचंच असेल तर भात्याच्या पिना एकेक करून, पकडीच्या तोंडाला कापड गुंडाळून काढा आणि त्याच क्रमाने थर्मोकोलच्या तुकड्यात टोचून ठेवा. प्रत्येक पिनेचं भोक थोडं वेगळं असतं. आत बघा, फोटो काढा, हवं तर मऊ ब्रशने धूळ झटका आणि बंद करा. रीडला तेल लावू नका, कसलाही स्प्रे मारू नका. आपल्या पेटीचे सूर पितळेचे, हे पोलादाचे, म्हणजे गंजणारे. जीभ खरवडून सूर चढवता-उतरवता येतो, पण खरवडलेलं पोलाद परत येत नाही.

पावसाळ्यात ॲकॉर्डियनच्या खोक्यात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतो आणि त्या महिन्यातून एकदा बदलतो. वाद्य त्याच्या पायांवर उभं ठेवतो, आडवं नाही, कारण रीडवरच्या चामड्याच्या झडपा लोंबून वाकतात आणि सूर उशिरा बोलू लागतो. आणि कसर! पट्ट्यांखालच्या लोकरी फेल्टला ती शालीइतकीच आवडते. यावर रोज वाजवण्यासारखा उपाय नाही. बंद, अंधाऱ्या खोक्यात ती निवांत वाढते.

आता शिकण्याकडे. भाता दुरुस्त होऊन आल्यावर मी उजवा हात पंधरा दिवस जवळजवळ बंद ठेवला. एकच सूर धरून तीनतालाचा ठेका लावायचा, आठ मात्रा उघडायचं, आठ मात्रा मिटायचं. समेला (पहिल्या मात्रेला) उघडणं सुरू, खालीला (नवव्या मात्रेला) मिटणं सुरू. आवाज कुठेही फुगता किंवा बसता कामा नये. पेटीवर आपण भाता मारतो, तो साठवण करतो आणि सूर चालू राहतो. इथे साठवण नाही. दिशा बदलली की तो श्वास आहे, आणि गाणारा शब्दाच्या मध्ये श्वास घेत नाही. पट्टी किंवा बटण दाबल्याशिवाय भाता कधीही ओढू नका. आवाज न करता मिटायचा असेल तर डाव्या हाताशी हवेचं वेगळं बटण असतं. पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही, हेही बोटांना कळायला वेळ लागतो. हाताशिवायच्या खुर्चीत बसा, भाता डाव्या मांडीवर टेकू द्या आणि डाव्या खांद्याचा पट्टा उजव्यापेक्षा थोडा आखूड ठेवा. माझा खांदा दुखायचा थांबला तो यानंतर.

डाव्या हाताची बटणं दिसत नाहीत, तरी आपल्याला त्यात एक सोय आहे. ज्या बटणावर खळगा असतो ते पांढरी एक, म्हणजे पाश्चात्त्यांचा C. त्याला सा माना. हनुवटीकडचं पुढचं बटण प, पायाकडचं म. असंच पंचमापंचमाने पुढे जायचं. भात्याकडच्या आतल्या रांगेत शेजारचंच बटण शुद्ध गंधार. पाश्चात्त्य पुस्तकातलं चक्र पाठ करण्यात मी महिना घालवला, षड्ज-पंचम भाव म्हणून बघितलं तेव्हा एका संध्याकाळी बसलं.

तानपुऱ्याबरोबर वाजवणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. बऱ्याच ॲकॉर्डियनमध्ये एका पट्टीवर दोन-तीन रीड मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावलेले असतात. त्याचीच ती लहर, जिच्यासाठी लोक हे वाद्य घेतात. पण तानपुऱ्यासमोर तीच लहर बेसूर वाटते. तेव्हा एकाच रीडचं रजिस्टर (किती आणि कुठले रीड बोलायचे ते ठरवणारी कळ) दाबून वाजवा. मी आधी तानपुऱ्याचं ॲप बिघडलं असं समजून फोनच बदलून बघितला होता.

दोन वर्षं झाली. वहीतल्या ७४ खुणांपैकी एक अजून राहिली आहे. वरच्या सप्तकातली काळी तीन मिटताना किंचित उशिरा बोलते. ती झडप बदलायला मेणाचं काम येणारा माणूस हवा, तो सापडेपर्यंत ती ओळ आली की मी भाता आधीच मिटून ठेवतो आणि तो सूर उघडताना घेतो.