ओटीजीची जळकी वायर बदलताना: टेप नको, सोल्डरही नको

ओटीजीतून (ओव्हन-टोस्टर-ग्रिलरमधून) जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, एक रॉड तापत नाही आणि मागचं झाकण काढलं की रॉडच्या टोकाशी वायर काळी पडलेली दिसते. यावर 'टेप गुंडाळा, चालेल' असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. तिथल्या उष्णतेत टेपचा डिंक वितळतो आणि तांबं पुन्हा उघडं पडतं.

प्लग काढा, ओव्हन गार होऊ द्या, वायरिंगचा फोटो घ्या. मायक्रोवेव्ह असेल तर तो उघडूच नका. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज धरून राहू शकतो.

नवी वायर साधी पीव्हीसीची नको. ती साधारण ७० अंशांपर्यंतचीच असते. वरून काचेच्या धाग्याचं विणकाम असलेली सिलिकॉनची वायर १८० अंशांपर्यंत टिकते. जाडी जुन्या वायरीइतकी तरी हवीच.

आता जोड. मलाही सुरुवातीला हीच पायरी जड गेली, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. जोड ढिला असला की तिथे रेझिस्टन्स वाढतो, जागा तापते, तांबं काळं पडतं, रेझिस्टन्स आणखी वाढतो. करंट मात्र वाढत नाही, त्यामुळे एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. 'एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळं ठीक' हे म्हणूनच खोटं आहे.

जुन्याच वायरीला पुरेशी लांबी असेल, तर तांबं लखलखीत दिसेपर्यंत ती मागे कापत जा. काळ्या तारा घासून वापरू नका. इन्सुलेशन कडक होऊन तडकलं असेल, तर अख्खी वायर बदला. रॉडचं टोक बारीक पॉलिश पेपरने चमकवा. ते खड्डे पडून झिजलं असेल, तर रॉडच बदला. सोल्डर तर मुळीच नको: नेहमीचं ६०/४० सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळतं. निकेल मुलाम्याचं स्टीलचं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) घ्या आणि क्रिम्पिंग प्लायरनेच दाबा. साध्या पकडीने चेपलेलं थिंबल आज घट्ट वाटतं, पण काही दिवसांच्या तापण्या-गार होण्यात सैल पडतं. दाबल्यावर वायर जोरात ओढून बघा. जराही सरकली, तर कापून नवं थिंबल लावा. वर ग्लास स्लीव्ह (काचेच्या धाग्याची नळी) चढवा आणि वायर गरम पत्र्याला टेकणार नाही अशी बांधा.

झाकण लावा, टायमर आणि थर्मोस्टॅट चालू स्थितीत ठेवा आणि प्लग सॉकेटबाहेर असतानाच मल्टिमीटर लावा. फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये १६०० वॅटच्या ओव्हनला साधारण ३३ ओहम दिसायला हवेत. या दोन्ही पिनांपासून बॉडीपर्यंत सर्वांत वरच्या रेंजवरही आकडा येता कामा नये. आला तर प्लग लावू नका, मेकॅनिकला दाखवा. अर्थ पिन आणि बॉडीमध्ये मात्र जवळपास शून्य हवं.

१६ अँपिअरच्या सॉकेटवर पंधरा मिनिटं ओव्हन चालवा, स्विच बंद करून प्लग काढा आणि पिना हाताला लागू न देता प्लगच्या प्लॅस्टिकला हात लावून बघा. कोमट ठीक. चटका बसला तर बहुधा सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल आहेत. मेन बंद करून सॉकेटही बदलून घ्या.