परिषदेला सचिवांना सोबत न्या

आमच्यासारख्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान न घेणाऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना नेतृत्व परिषदांची आमंत्रणं वर्षभर येत असतात. आधी मेल, मग फोन, मग 'मॅडम, शेवटच्या काही जागा'. माझी पहिली चाळणी अशी: नोंदणी शुल्कासोबत 'उत्कृष्ट मुख्याध्यापक' पुरस्कार मिळणार असेल, तर तिकडे फिरकायचं नाही. दुसरी चाळणी वक्त्यांच्या यादीची. सध्या प्रत्यक्ष शाळा चालवणारे त्यात किती आणि नुसते प्रेरणा देणारे किती, ते बघा. दुसऱ्या गटाचं पारडं जड असेल तर शनिवारी घरी झोप काढलेली बरी.

तारीखही बघून घ्या. 2011 च्या महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. शाळा जूनची, म्हणजे डिसेंबर उजाडायच्या आत आकडे तयार हवेत. फेब्रुवारीत कितीही छान कल्पना ऐकून आलात, तरी तिच्यासाठी पैसा निघायचा तो पुढच्या फेरीला. म्हणून दिवाळीची सुट्टी संपल्यावरची परिषद मला सोयीची वाटते.

सोबत कोणाला न्यायचं? बहुतेक जण पर्यवेक्षिकेला नेतात. मी म्हणते, शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांना न्या. अनुदानित शाळेत पगार सरकार देतं. आपल्याकडे समुपदेशक नेमायचा की नाही, एक शिक्षक जास्तीचा घ्यायचा की नाही, हे सगळं संस्थेच्या सहीवर अडतं. मी परत येऊन सांगितलं की उत्तर ठरलेलं: 'बघू.' तेच सचिवांनी स्वतःच्या कानांनी दुसऱ्या संस्थाचालकाकडून ऐकलं की वाटेतच विचारतात, 'आपल्याला किती खर्च येईल?' फरक तेवढाच, पण सगळं काम त्यावरच होतं. तुमची शाळा संभाळायला पर्यवेक्षिका मागे राहते, हा आणखी फायदा.

पिशवीत वही-पेनाबरोबर शाळेच्या वेळापत्रकाची प्रत टाका. शिक्षकांच्या नावांचा उभा तक्ता असतो ना, ऑफ तासिका रंगवलेला, तोच. समजा, व्यासपीठावरून कोणी सांगितलं की मुख्याध्यापकाने प्रत्येक शिक्षकाचा वर्ग महिन्यातून दोनदा बघावा. टाळ्या पडतात. तुम्ही तक्ता उघडा. चोवीस शिक्षक, दोन वेळा, 35 मिनिटांची तासिका आणि नंतर 15 मिनिटं बोलणं: महिन्याला 40 तास. आता हात वर करून विचारा, 'हे तास तुम्ही कुठून काढलेत? बदली तासिकांना कोण जातं?' ज्याने खरंच केलंय तो लगेच उत्तर देतो. बरेचदा ते असं असतं की महिन्यातून एकदाच, पंधरा मिनिटं वर्गात मागच्या बाकावर आणि दहा मिनिटं नंतर. तेच चोवीस शिक्षक आता दहा तासांत बसतात. हे मात्र जमण्यासारखं आहे! ज्याने केलेलं नाही तो 'इच्छाशक्ती हवी' म्हणतो. त्याच्या नावापुढे काट मारा आणि चहाला जा.

चहाला जाताना वाटेत स्टॉल लागतात: स्मार्ट बोर्ड, फी भरायचं ॲप, रोबोटिक्सची लॅब. सचिव इथेच रेंगाळतात, लक्ष ठेवा. 'आज बुक केलं तर सवलत' असं कोणी म्हटलं तर एकच मागणी करा: तीन वर्षं वापरणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर. मालकांचा नको. मग त्यांना फोन करून बोलायचं ते मात्र त्यांच्या ऑफिसातल्या क्लार्कशी. ॲप चालतं की नाही ते क्लार्कलाच ठाऊक असतं.

प्रमाणपत्र मात्र जपून आणा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण अपेक्षित आहे. प्रमाणपत्रावर नुसती तारीख असेल तर तासही लिहून घ्या; निघायच्या गडबडीत कोणी मागत नाही आणि नंतर मेलला उत्तर येत नाही.

परतल्यावर पीपीटी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका, कोणी उघडत नाही. सोमवारी सचिवांसोबत बसून एकच गोष्ट ठरवा, तिचा खर्च लिहा आणि तो कागद फीच्या प्रस्तावाला जोडा. नोंदणीची पावती शाळेच्या नावावर आहे का तेही त्याच दिवशी बघा. तुमच्या नावावर असेल तर ऑडिटर खर्च मान्य करताना कुरकुर करतो, आणि आयोजक पावती बदलून देतात ते पहिल्याच आठवड्यात.